संशयाचा फायदा

गाडीला तसं काहीही झालं नव्हतं, हे आधी सांगून टाकतो. इंजिन ठणठणीत, टाकीत पेट्रोल, टायरांत हवा. तरी भाच्याची ती जमिनीला पोट टेकवून चालणारी जपानी स्पोर्ट्स कार मे महिन्याच्या भर दुपारी मारुतीच्या पारापाशी आडवी बसली आणि काही केल्या जागची हलेना. घरी पुतणीचं लग्न. मागे पाण्याचा टँकर हॉर्न देत उभा, टँकरवाल्याला पुढच्या गावी दुसरी खेप टाकायची घाई. ज्या गल्लीतून थ्रेशर निघतं, कापसानं फुगलेला मेटॅडोर निघतो, तिथे ही दोन माणसांची गाडी अडून बसलेली.

असली गाडी आमच्या कारंजा लाडकडच्या खेड्यात येण्याचं कारण समृद्धी महामार्ग. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांची सबब संपली. भाचा छत्रपती संभाजीनगरपाशी समृद्धीला लागला, १२० च्या मर्यादेत (असं तो म्हणतो) आला आणि कारंजाला खाली उतरला. खरा प्रवास तिथून पुढे. आमच्याकडे ज्याच्या घरासमोरून रस्ता जातो तो आपल्या सोयीनं गतिरोधक घालतो. कुणी मुरमाचा, कुणी सिमेंटचा, एकानं तर जुना विजेचा खांबच आडवा पुरला आहे. प्रत्येक ठिकाणी भाचा उतरायचा, वाकून पोटाखाली बघायचा आणि मग गाडी तिरकी करून एकेक चाक चढवायचा. सीमेवरून गावात पोचेपर्यंत मागे पोरांची वरात तयार झाली होती. नवरदेवाला नंतर एवढी गर्दी मिळाली नाही.

तर ती गाडी त्यानं पाराच्या सावलीत, पुढची चाकं डावीकडे वळवून उभी केली होती. टँकर आला म्हणून बाजूला घ्यायला गेला. क्लच दाबला, बटण दाबलं. एरवी या गाड्या इतक्यावरच गुरगुरायला लागतात. इथे काट्यांच्या पाटीवर किल्लीचं एक पिवळं चित्र लागलं, बाकी शांतता. स्टीअरिंग हाताला लागतच नव्हतं, जागच्या जागी घट्ट.

"ढकला रे," कुणीतरी म्हणालं. गिअर हाताचा होता, न्यूट्रल करता आला. पोट्टे लागले. पण चाकं डावीकडे कुलूपबंद असली की गाडी सरळ कशी जाईल? ती गोल फिरून थेट नालीकडे निघाली. भाचा ओरडला, सगळे थांबले. आता ती आडवी होती त्याहून जास्त आडवी झाली होती.

माझं दुकान पंपाच्या मोटारी रिवायंडिंग करण्याचं. उन्हाळ्यात विहिरी खाली जातात, लाइट रात्रीबेरात्री येते, कमी दाबानं येते, मोटारी जळतात आणि माझं घर चालतं. कारचं काम मी करत नाही. पण मीटर माझ्याकडे होता आणि मामा मीच होतो, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

स्टीअरिंगचं कुलूप म्हणजे नवीन काही नाही. दुचाकीचं हँडल डावीकडे वळवून किल्ली फिरवली की लोखंडाचा एक बोटभर खिळा खाचेत जाऊन बसतो, तेच. पश्चिम जर्मनीनं १९६१ मध्येच मोटारींना ते सक्तीचं केलं. अमेरिकेचा नियम १९७० च्या सुमाराचा, आणि त्यातली एक गोष्ट मला आवडली: चोरानं गाडी नेऊ नये म्हणून एकतर तिचं वळणं रोखा किंवा तिचं पुढे जाणं रोखा, दोन्हीपैकी एक करा, असं तो म्हणतो. जुन्या गाड्यांत हे सगळं किल्लीच्या ताकदीवर चालायचं. किल्ली फिरली की आतला खिळा ओढला जायचा. चाकाच्या ताणानं तो अडकला तर स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवत किल्ली फिरवायची, हाताला कळायचं, सुटलं.

बटणाच्या गाडीत किल्ली खिशातच राहते. मग खिळा ओढणार कोण? म्हणून स्टीअरिंगच्या दांड्याला मुठीएवढा एक डबा लावतात. त्यात एक चिमुकली डीसी मोटर, तिच्यापुढे वर्मगिअर, त्यापुढे खिळा. आणि खिळा कुठे आहे हे सांगणारे दोन बारके स्विच. एक सांगतो "लागलं", दुसरा सांगतो "उघडलं". क्लच दाबून बटण दाबलं की गाडी आधी किल्लीला हाक मारते, किल्ली ओळख देते, ओळख पटली की डब्याला हुकूम जातो, मोटर फिरते, खिळा मागे सरकतो. तरीही इंजिन सुरू होत नाही. गाडीचा मेंदू त्या दुसऱ्या स्विचच्या साक्षीसाठी थांबतो. "उघडलं" असा जबाब आला की मगच इग्निशन.

ही कटकट उगाच नाही. धावत्या गाडीत तो खिळा खाचेत पडला तर काय होईल याचा विचार करा; समृद्धीवर १२० ला चाललेली गाडी आणि स्टीअरिंग जाम. म्हणून बनवणारे लोक दोन गोष्टी करतात. इंजिन चालू असताना त्या डब्याची वीजच तोडतात, आणि "उघडलं" ही साक्ष ठाम मिळाल्याशिवाय गाडी सुरूच होऊ देत नाहीत. जराही शंका आली तर नाही म्हणायचं. उभी गाडी कुणाला मारत नाही.

हे ज्ञान मला तेव्हा एका झटक्यात झालं असं समजू नका. पहिला संशय सगळ्यांना येतो तोच आम्हालाही आला: किल्लीतला सेल. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, रुपयाच्या नाण्याएवढा. मरायला टेकलेल्या सेलसाठी बऱ्याच गाड्यांत किल्ली बटणाला टेकवायची सोय असते, तेही भाच्यानं करून पाहिलं. सेल बदलून बघू म्हटलं तर गावात मिळणार कुठे? किराणावाल्याकडे फक्त पेन्सिल सेल. मग आठवलं, कॉम्प्युटरच्या आत घड्याळ चालू ठेवायला हाच सेल असतो. ग्रामपंचायतीशेजारी सेवा केंद्र आहे, सगळे त्याला सेतूच म्हणतात. तिथल्या पोराकडे एक बंद पडलेला सीपीयू धूळ खात होता.

सेतूत बाबाजी बसले होते. जिनिंग-प्रेसिंगला उभं आयुष्य गेलेलं, कपाशीच्या गाठी उचलून हाताच्या रेषा कधीच पुसल्या गेलेल्या. ईपीएफची पेन्शन. २०१४ पासून ती कमीत कमी महिना एक हजार रुपये आहे, आणि तेवढ्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. जीवन प्रमाण नावाची सोय २०१४ मध्येच निघाली: अंगठा लावा, दाखला ऑनलाइन जमा. बाबाजींचा अंगठा काचेवर, मशीनचा लाल दिवा. पोरानं अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, मग कोरड्यानं, मग डोक्याच्या तेलाचा हात लावायला सांगितला. लाल.

"माह्यं काय म्हननं हाय, बाप्पा," बाबाजी मशीनकडे बघून म्हणाले, "मी हाओ का नाई थे मले इचार ना. अंगठ्याले कायले इचारतं?"

पोरगा माझ्याकडे बघून हसला. सीपीयू उघडून सेल काढून दिला. मी मीटर लावला, तीन व्होल्ट भरले. पैसे नंतर घ्या म्हणाला.

सेल बदलूनही पिवळी किल्ली तशीच. दुसरा संशय बॅटरीवर. आमच्याकडच्या उन्हात बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं, आतलं पाणी उडतं, आणि व्होल्टेज जरा खाली गेलं की या नव्या गाड्यांचे बारके डबे सगळ्यात आधी रुसतात. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, हिची १२.३ होती. वाईट नाही. तरी ट्रॅक्टर शेजारी लावून जाड वायरी जोडल्या. फरक शून्य.

उन्हाचं म्हणाल तर आकडा विचारू नका. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले होते. बातम्या झाल्या, व्हॉट्सॲप पेटलं. मग हवामान खात्यानं तपासून सांगितलं की सेन्सर बिघडला होता. मला त्यातलं तापमान नाही, ते तपासणं लक्षात राहिलं. आकडा आला, कुणीतरी म्हणालं हे पटत नाही, शेजारच्या केंद्रांचे आकडे पाहिले आणि साक्षीदारालाच आरोपी केलं.

पुण्याच्या वर्कशॉपला भाच्यानं फोन लावला. ते म्हणाले, गाडी आमच्याकडे आणा. कशी? फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वर चढवून नेणाऱ्या सपाट ट्रकवर. त्याला आमच्या गावचा रस्ता सांगायला लागला तेव्हा फोन कट झाला. नेटवर्क गेलं की माणूस, ते कळायला मार्ग नाही.

मग ट्रॅक्टरचा मिस्त्री आला. तो लग्नालाच आला होता, अंगात नवा पांढरा शर्ट. त्यानं आधी गाडीला एक फेरी मारली, बोनेटवरून हात फिरवला, मग दार उघडून आत बसायचं कसं हे पाहिलं. शेवटी डोकं पॅडलपाशी आणि पाय बाहेर रस्त्यावर असा उताणा झाला. एका पोट्ट्यानं मधेच स्टीअरिंगला लोखंडी पाइप लावून हिसका द्यायची तयारी केली होती, त्याला मिस्त्रीनं आतूनच एक सणसणीत शिवी घातली. बरं केलं. तसा हिसका चोर देतात. खिळा तुटला तर तुटतो, नाहीतर दांडा वाकतो, आणि वाकलेला दांडा घेऊन गाडी चालवणं म्हणजे मरणच.

"दादा, दाबा बटन," मिस्त्री म्हणाला. "अजून एक डाव."

आणि मग, "ह्या डीजेले कोनी बंद करा रे!"

मांडवात डीजेवाला दुपारपासून आवाज तपासत होता. त्याला दोन मिनिटं गप्प बसवायला घरातल्या तीन वडीलधाऱ्यांना जावं लागलं, कारण त्याचं म्हणणं, तपासणी अर्धवट राहिली तर संध्याकाळी माझं नाव खराब होते. शेवटी बंद केलं. एकदम सुन्न वाटलं. पाराजवळची सगळी गर्दी श्वास धरून उभी. भाच्यानं बटण दाबलं.

टक.

एवढंच. एका रिलेचा आवाज. म्हणजे हुकूम निघाला होता. त्यानंतर डब्यातून मोटरचा बारीक घर्र यायला हवा होता, तो आला नाही. हा आवाज माझ्या ओळखीचा, म्हणजे त्याचं न येणं ओळखीचं. छोट्या डीसी मोटरचा कार्बन ब्रश झिजलेल्या पट्टीवर येऊन थांबला की वीज मिळूनही आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, हलत नाही. जरासा धक्का दिला की ब्रश शेजारच्या पट्टीवर सरकतो आणि मोटर अशी फिरते की तिला कधी काही झालंच नव्हतं.

मी मिस्त्रीला म्हटलं, "डब्यावर हळू ठोका. पान्यानं नाही, लाकडानं. आणि ठोकताना यानं बटण दाबायचं."

मिस्त्रीनं हातोडीचा दांडा उलटा धरला. भाच्यानं क्लच दाबला. ठक, ठक, आणि तिसऱ्याला घर्र! खिळा सुटल्याचा आवाज बाहेर उभ्या बायकांनाही आला. स्टीअरिंग भाच्याच्या हातात मोकळं झालं, जोर लावला की डावी-उजवीकडे फिरायला लागलं. टाळ्या पडल्या.

आणि गाडी सुरू झाली नाही.

ही जागा मला अजून गंमतीची वाटते. पन्नास माणसं बघताहेत की स्टीअरिंग फिरतंय. ज्याच्या हातात ते आहे तो सांगतोय की फिरतंय. समोरची चाकं धुळीत हलताहेत. गाडीचा मेंदू मात्र म्हणतो, मला काय त्याचं, माझ्या स्विचनं अजून जबाब दिलेला नाही. पिवळी किल्ली कायम.

एक झालं, चाकं सरळ झाली. सगळ्यांनी ढकलून गाडी मांडवामागे नेली, टँकर निघाला, टाक्या भरल्या, आणि संध्याकाळी गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या. लग्नाबद्दल मी इथे लिहीत नाही. ठेचा थोडा कमी पडला, बाकी उत्तम.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही तिघं बसलो. त्या गाडीत डब्याकडून मेंदूकडे स्थिती सांगणाऱ्या तारा सरळ होत्या. मीटर लावून वाचता येत होत्या. एका तारेवर व्होल्टेज बरोबर पडत होतं. दुसरी, म्हणजे "उघडलं" सांगणारी, मेलेली. डब्याच्या त्या टोकाला नखानं टिचकी मारली की मीटरचा आकडा क्षणभर उडायचा आणि परत शून्य. स्विचचा संपर्क गेला होता. खिळा मागे, स्टीअरिंग मोकळं, इंजिन तयार, आणि एका पत्र्याच्या कपचीपायी पंधराशे किलोची गाडी गुन्हेगार.

उपाय तसा मला दिसत होता. जी साक्ष स्विच देत नाही ती तार जोडून आपण द्यायची. नव्या गाड्यांत हे जमत नाही, तिथे डबा आणि मेंदू सांकेतिक भाषेत बोलतात. म्हणून बाजारात एमुलेटर नावाची डबी मिळते, जी कुलपाच्या जागी लावली की कायम "उघडलं, उघडलं" असं खोटं बोलत राहते. जगभर लोक ती लावून फिरतात. मला ते रुचत नाही. खिळा जागेवर ठेवून साक्षीदार विकत घेणं म्हणजे ज्या एका भीतीसाठी ही सगळी रचना केली, तीच भीती परत दारात आणणं. उद्या त्याच म्हाताऱ्या मोटरला कुठून वीज मिळाली आणि खिळा पुढे सरकला तर मेंदूला पत्ताही लागणार नाही.

"मंग खिळाच काढू," मिस्त्री म्हणाला. "डब्यासगट."

डबा ज्या बोल्टांनी दांड्याला कसतात त्यांची डोकी कारखान्यातच तुटतात. मुद्दाम. पुरेसं आवळलं की डोकं आपोआप गळून पडतं, खाली गुळगुळीत गोल बुंधा राहतो, त्यावर कोणताही पाना बसत नाही. चोरानं डबा काढू नये म्हणून. मिस्त्रीनं बॅटरीची वायर सोडली, टोकदार छन्नी बुंध्याच्या कडेला तिरकी लावली आणि हलक्या हातानं, घड्याळाच्या उलट दिशेनं ठोकत राहिला. प्रत्येक ठोक्याला बोल्ट केसभर सरकायचा. मी टॉर्च धरून होतो. त्याच्या कपाळावरचा घाम नाकाच्या बाजूनं कानात जात होता आणि दोन्ही हात अडकलेले असल्यानं तो मान झटकत होता. लग्नाचा पांढरा शर्ट त्यानं आधीच काढून आरशाला टांगला होता. पहिला बोल्ट यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. दुसरा निघाला तेव्हा डबा त्याच्या छातीवर पडला.

हातात घेऊन पाहिलं तर खिळा इवलासा, पुढचं टोक घासून चकचकीत झालेलं. आता तो लागला काय, उघडला काय, दांड्याशी त्याचा संबंध उरला नव्हता. मी तार जोडली, इन्सुलेशन केलं, डब्याची पॉवरची तार टोपण लावून बांधून ठेवली. बॅटरी लावली. भाच्यानं बटण दाबलं आणि मांडवातली कबुतरं उडाली. तार "उघडलं" म्हणत होती, आणि कुलूपच नव्हतं, त्यामुळे ते खरंच होतं. चोरीचं म्हणाल तर किल्लीची ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, तो पहारा शाबूत आहे. मी त्याला एवढंच सांगितलं की पुण्याला पोचल्यावर ज्याला या गाड्यांतलं कळतं त्याला हे सगळं दाखव, आणि काय केलंय ते कागदावर लिहून गाडीत ठेव. उद्या दुसऱ्या मिस्त्रीनं डॅश उघडला तर त्याला आमची तार बघून चक्कर यायला नको.

गाडीनं नाही म्हटलं यात माझी तक्रार नाही. उलट ज्यानं हे लिहिलं असेल, जपानात कुठेतरी बसून, त्याचं मला पटतं. शंका आली तर थांब. चूक झालीच तर ती उभ्या गाडीची होऊ दे, एखादा मामा चिडेल, टँकर अडेल, बस. प्रश्न पडतो तो हाच नियम उचलून जिथे तिथे लावलेला दिसतो तेव्हा. जिवंत माणसाचा अंगठा उमटला नाही तर पेन्शन थांबते. इथे शंका आली तर कोण उभं राहतं? हजार रुपयांत कुणी मेलेला माणूस घेऊन जाईल ही भीती मोठी, की जिवंत माणूस महिना उपाशी काढेल ही? कोर्टातसुद्धा संशयाचा फायदा आरोपीला देतात. मशीन तो मशीनला देते. आणि त्याची रचना करणाऱ्यानं हे वाईट बुद्धीनं केलं असंही नाही. शंका कुणीकडे झुकवायची हे कुणी त्याला विचारलंच नसावं, गाडी बनवणाऱ्याला मात्र ते आधी विचारावं लागलं, कारण तिथे चुकलं तर माणूस मरतो. इथेही मरतो, फक्त हळू, आणि समृद्धीवर नाही.

हे मी भाच्याला बोललो. तो म्हणाला, "मामा, आता चेहऱ्यानं पण होतं की." खरं होतं. २०२१ पासून जीवन प्रमाण चेहऱ्यावरूनही देता येतं, मोबाइल चांगला हवा. सेतूतल्या पोराचा मोबाइल जुना, त्यावर ते ॲप चालत नव्हतं, म्हणून तो अंगठ्यालाच धरून बसला होता. सेलचे पैसे द्यायला जायचंच होतं. जाताना भाच्यानं बाबाजींना त्यांच्या घरून गाडीत बसवलं. मिस्त्री मागून ओरडला, "बुढ्याले बसवता, उतरवाले क्रेन सांगा मंग!" दोघांनी धरून उतरवलं. बाबाजी एवढ्या खाली पहिल्यांदाच बसले होते, म्हणाले, "जमिनीवरच बसाचं होतं तं सतरंजी काय वाईट हाय?"

सेतूत उजेड कमी, म्हणून ओट्यावर खुर्ची टाकली. भाच्यानं मोबाइल समोर धरला. बाबाजींनी टोपी सारखी केली, मिशीवरून हात फिरवला आणि फोटोला बसतात तसे ताठ झाले. डोळे सताड उघडे. ॲप काही पुढे सरकेना.

"आजोबा, डोळे मिटा."

"काहून?"

"मिटा आणि उघडा. तसं मागतंय ते."

"डोये मिटले की जित्ता हाओ म्हनते काय थे?"

सेतूतल्या पोरासकट सगळे हसायला लागले, बाबाजीही हसले, आणि त्या हसण्यात डोळे आपोआप मिटले-उघडले असावेत. हिरवी खूण आली. भाच्यानं आकडा वाचून दाखवला, पोरानं वहीत उतरवला. बाबाजी खुर्चीवरून उठले नाहीत.

"झालं, बाबाजी. जा आता घरी."

"कागद?"

"कागद लागत नाही. गेलं ते वर."

"वर कुठी? कागद दे."

पोरानं प्रिंटरकडे पाहिलं, मग पंख्याकडे. पंखा बंद. लाइट नुकतीच गेली होती.

"लाइट आली की देतो."

"बसतो मंग," बाबाजी म्हणाले, आणि भाच्याला विचारलं की या गाडीची किंमत किती, आणि एवढ्या पैशात मागे सीट काहून नाही.